ठरलेली जागा

"मग मॅडम, आपलं कोण आहे?"

गोविलकर सरांनी गाडीत नीट बसायच्या आधीच विचारलं. मुलाखतींना तज्ज्ञ म्हणून पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस. तोंड धुतलेलं नाही, चहा घेतलेला नाही, बॅग अजून मांडीवर, आणि पहिलं वाक्य हे.

"आपलं कुणी नाही सर," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे जो चांगला असेल तो घ्यायचा. तुम्हाला त्यासाठीच बोलावलंय."

सर माझ्याकडे बघून गोड हसले. पुढे बसलेल्या ड्रायव्हरकडे डोळ्यांनी खूण केली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बरोबर, बरोबर. इथे नको. कळलं मला."

काय कळलं? कपाळ! मी खिडकीबाहेर बघत बसले. सकाळी सकाळी पाहुण्यावर ओरडायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते. माझा स्वभाव तापट आहे, विभागातली पोरं मला मागून 'प्रेशर कुकर' म्हणायची हेही मला माहीत होतं. पण त्या दिवशी शिट्टी होण्यासारखंच सगळं घडत गेलं, त्याला मी काय करू?

तेव्हा मी आमच्या विद्यापीठात मानसशास्त्राची विभागप्रमुख होते. शहराबाहेर माळावरचं विद्यापीठ, चार दगडी इमारती आणि भरपूर वारा. सामाजिक मानसशास्त्राची जागा कित्येक वर्षं रिकामी. ती भरायची परवानगी मिळवायला मी मुंबईला एवढे खेटे घातले की मंत्रालयातला शिपाई मला 'आल्या का मावशी' म्हणायला लागला होता. अखेर परवानगी आली, ती त्याच महिन्याअखेर संपणार होती. मुलाखती आज झाल्या नाहीत तर जागा बुडणार, आणि जागा बुडाली की एम.ए.ची ती शाखाच बंद. एवढं सगळं त्या एका दिवसावर लटकलेलं.

आणि मी मनाशी एक खूणगाठ बांधली होती. ही जागा सरळ भरायची. मी स्वतः उमेदवार होते तेव्हा जळगावपासून कोल्हापूरपर्यंत किती दालनांत बसून आले होते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कनवाळू कारकून कानाशी येऊन सांगायचा, "ताई, ठरलेलं आहे हो. चहा घ्या नि संध्याकाळच्या गाडीने जा." ठरलेला उमेदवार आपल्या ओळखीपाळखीच्या चार जणांना संख्या भरायला बोलवायचा, तेही येऊन बसायचे, कारण उद्या त्यांची वेळ आली की हा जायचा. असाच रिवाज. मी नोकरीला लागले तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या हातात एक तरी जागा आली तर ती कुणासाठीही ठरलेली नसेल. लोक देवाला नवस बोलतात तसा माझा हा नवस.

या जागेवर पद्मिनी सुरवसे नावाची मुलगी तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास घेईल तेवढं मानधन, सुट्टीत काही नाही. हुशार पोरगी. तिची पीएच.डी. अफवांवर होती. गावोगाव फिरून बायकांच्या घोळक्यात बसून तिने अफवा कशा उठतात, कशा फिरतात, कशा मरतात, हे टिपून आणलं होतं. मला मनातून वाटत होतं की तीच निवडली जावी. पण वाटणं वेगळं आणि करणं वेगळं. जाहिरात निघाल्या दिवसापासून मी तिच्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाही. "अर्ज कर" एवढंच म्हणाले. तिने केला.

तर गोविलकर सरांना विश्रामगृहावर सोडून मी विद्यापीठात पोचले, तर आस्थापना विभागाचे बिराजदार दारातच उभे. चेहरा पडलेला.

"मॅडम, पाच जणांना बोलावलं होतं. दोघंच आलेत."

"दोघं? आणि बाकीचे?"

"अकोल्याच्यांचा नि नगरच्यांचा निरोप आला. ठरलेलं आहे असं समजलं, उगाच त्रास घेत नाही म्हणाले."

"कुणी सांगितलं त्यांना ठरलेलं आहे म्हणून?"

बिराजदारांनी जमिनीकडे बघितलं. "तसं सगळ्यांनाच माहीत आहे मॅडम."

"मला माहीत नाही!" मी ओरडले. झाली पहिली शिट्टी. "आणि सुरवसे?"

"त्यांचा पत्ता नाही. फोन उचलत नाहीत. तीन उमेदवार हजर नसले तर समिती बसत नाही, नियम तुम्हाला ठाऊकच आहे."

मी तरातरा उमेदवारांच्या खोलीत गेले. तिथे अंबाजोगाईचे टेकाळे शिऱ्याची बशी हातात घेऊन निवांत बसले होते. गोल चेहऱ्याचा, सदा खूश माणूस. शेजारी परभणीच्या नाझनीन पठाण कसलीशी मासिकं चाळत होत्या.

"टेकाळे सर, तयारी झाली का?"

"कसली तयारी मॅडम!" टेकाळे हसले. "सुरवसे बाईंचं काम होऊन जाऊ द्या एकदाचं. फार वर्षं राबल्यात. मी आपला संख्येला आलोय."

"पद्मिनीने बोलावलं तुम्हाला?"

"छे, त्या कशाला बोलावतील? पण जागा त्यांची आहे हे काय सांगायला पाहिजे? आपण आपलं कर्तव्य करायचं."

नाझनीन पठाणांनी मासिक खाली ठेवलं. "सुरवसे मॅडमचं आहे? मला तर वाटलं टेकाळे सरांचं आहे. मी यांच्यासाठी आले."

"माझं?" टेकाळेंचा चमचा हवेतच थांबला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चला, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. तर टेकाळे पठाण बाईंकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मग तिसराच कुणीतरी आहे. वरून आलेला दिसतोय."

"शक्यता आहे," नाझनीन गंभीरपणे म्हणाल्या.

सामाजिक मानसशास्त्राचे डॉक्टर हे! माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून कशी चुकीचे समज करून घेतात हेच वर्गात शिकवणारे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्कूटरची किल्ली घेतली आणि निघाले. पाचांतली गावात राहणारी एकच होती, पद्मिनी. तिला आणलं तर तीन भरत होते, नाहीतर बुडाली जागा.

पद्मिनीच्या सासऱ्यांची पिठाची गिरणी होती, जुन्या बाजारामागे. घराला लागूनच. मी पोचले तेव्हा गिरणी धडधडत होती आणि दारात डबे घेऊन सात-आठ बाया बसलेल्या. आत पद्मिनी घरातल्या साडीवर, पदर खोचून, पांढऱ्या भुवयांनी ज्वारीचा डबा ओतत होती.

"पद्मिनी!" मी ओरडले. "आज मुलाखत आहे!"

"काय?"

"मुलाखत!"

"माहीत आहे मॅडम!"

"मग इथे काय करतेस?"

"दळण!"

गिरणीच्या आवाजात गुपचूप बोलणं शक्यच नव्हतं. जे बोलायचं ते बेंबीच्या देठापासून. मी तिच्या जवळ गेले, माझ्या साडीवरही पीठ बसलं.

"चल आधी. दोनच जण आलेत. तू नाही आलीस तर समिती बसणार नाही."

"मी नाही येणार."

"का?"

"टेकाळे सरांचं ठरलंय. माझ्याच जागेवर दुसऱ्याला बसवायला मी हार घेऊन येऊ का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? ते तुमच्या घरी आले होते. तुमच्या मिस्टरांनी फाटकापर्यंत येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लेखा विभागातल्या बाईंनी बघितलंय."

"अगं, बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता तो! आमच्या ह्यांचा जुना विद्यार्थी आहे!"

"आणि तुम्ही? जाहिरात निघाल्यापासून माझ्याशी धड बोलला नाहीत. मी समोरून आले की दुसऱ्या जिन्याने जायचात. मी समजायचं ते समजले."

"जागा सरळ भरायची म्हणून बोलले नाही!"

"सरळ?" तिने असं काही बघितलं की जणू मी गिरणीत गव्हाऐवजी गोटे दळायला आणलेत.

"हो, सरळ! ही जागा कुणासाठीही ठरलेली नाही!"

मी हे वाक्य जीव तोडून ओरडले, आणि नेमकी तेव्हाच तिच्या सासऱ्यांनी गिरणी बंद केली. सगळीकडे शांतता. माझं वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. बाया डबे सोडून आमच्याकडे बघायला लागल्या.

"जा की गं," त्यातली एक म्हातारी म्हणाली. "एवढी मोठी मास्तरीण दारात आलीया."

"तर काय," दुसरी म्हणाली. "ठरल्याबिगर कोण न्यायला येतंय व्हय?"

"ठरलेलं नाहीये हो!" मी त्या बाईला हात जोडले.

"आता वं माय, तुमी तसंच म्हननार," ती समजूतदारपणे म्हणाली.

मी तिथल्या पोत्यावर बसले. खरंच बसले. नाही म्हणावं तर लोक हो समजतात, ओरडावं तर आणखी पक्कं समजतात, गप्प बसावं तर तेही पक्कंच. करू तरी काय?

"बरं," मी शेवटी म्हणाले. "असू दे ठरलेली. टेकाळेंची आहे समज, नाहीतर आणखी कुणाची. तुला मिळणार नाही असंच धर. पण तिसरं माणूस आलं नाही तर जागाच बुडेल. मग टेकाळेही नाही नि कुणीच नाही. तुझ्या त्या एम.ए.च्या पोरी पुढच्या वर्षी कुणाकडे शिकणार? ती उजनीहून येणारी, ती तुझ्या मागे मागे फिरणारी. त्यांच्यासाठी तरी चल."

पद्मिनी हातातली डब्यांची झाकणं एकमेकांवर रचत राहिली.

"पोरींसाठी येते," ती म्हणाली. "पण टेकाळे सरांना सांगा, नीट शिकवा म्हणावं."

साडी बदलायला तिने वेळ घेतला, तोंडही धुतलं, पण भुवईतलं पीठ काही गेलं नाही. माझ्या स्कूटरच्या मागे बसून ती विद्यापीठात आली. फाटकावरचा पहारेकरी, बागेतले माळी, पायऱ्यांवर बसलेली पोरं, सगळ्यांनी बघितलं. विभागप्रमुख बाई स्वतः उमेदवाराला स्कूटरवरून आणतायत. मला त्या क्षणी काही सुचत नव्हतं. समिती बसायला हवी होती, बस.

समितीत कुलगुरू, गोविलकर सर, नागपूरच्या डॉ. वऱ्हाडपांडे आणि मी. कुलगुरू म्हणाले, "हंगरगे मॅडम, नाव सांगून टाका. मला दुपारी बैठक आहे."

"नाव नाही सर."

"बरं, बरं. मुलाखतीनंतर सांगा."

पहिले टेकाळे आत आले. गोविलकर सरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. कुणीतरी त्यांच्याही कानात टेकाळेंचं नाव घातलं होतं. त्यांनी टेकाळेंना विचारलं, मूळ गाव कुठलं, शेती किती, अंबाजोगाईची हवा कशी आहे. मी एक अवघड प्रश्न विचारला तर सरांनी तो मध्येच झेलला आणि उत्तरही स्वतःच दिलं. टेकाळेही मजेत होते. मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, मग कशाला घाम गाळायचा? जाताना सगळ्यांना नमस्कार करून म्हणाले, "शुभेच्छा." कुणाला शुभेच्छा ते त्यांनाच ठाऊक.

नाझनीन पठाण हुशार बाई, पण त्यांचा सगळा अभ्यास लहान मुलांच्या वर्तनावर. त्यांनीच सांगून टाकलं, "सामाजिक मानसशास्त्र मी बरीच वर्षं शिकवलेलं नाही सर. मी काय, संख्येला." वऱ्हाडपांडे बाई आ वासून बघत राहिल्या.

मग पद्मिनी. ती आली ती नुसती खुर्चीत टेकली. घाबरणं नाही, अदब नाही, आवाजात गोडवा नाही. तिला वाटत होतं इथे आपलं काही नाही. गोविलकर सरांनी घड्याळ बघत विचारलं, "अफवांवर काम केलंय म्हणता. एखादं उदाहरण द्या."

"आमच्या तालुक्यात दुष्काळात एका गावाला टँकर यायचा," ती म्हणाली. "गावात दोन आळ्या. एक दिवस वरच्या आळीला वाटलं, आजचा टँकर खालच्या आळीचा. सरपंचांनी सांगितलंय. खालच्या आळीला वाटलं, वरच्यांचा. टँकर येऊन चौकात उभा राहिला. बाया घागरी घेऊन दारात उभ्या, पण पुढे कुणी येईना. समोरच्या आळीतली बाई निघते का, ते बघतायत. कुणीच निघालं नाही. ड्रायव्हरने बिडी ओढली नि भरला टँकर घेऊन परत गेला."

कुलगुरू टेबलावर पुढे झुकले. "मग खरा कुणाचा होता तो?"

"कुणाचाच नव्हता सर. येईल त्याचा. पण तसं काही असू शकतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. मी नंतर घरोघर जाऊन विचारलं. लोकांना अन्याय झाला हे लगेच पटतं. काही ठरलेलंच नव्हतं, हे मात्र काही केल्या पटत नाही."

मी टेबलाखाली पदर मुठीत गच्च धरला होता. पोरी, तू काय बोलतेस ते तुझ्या तरी कानावर पडतंय का?

गोविलकर सरांचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं आता. "मग यावर उपाय? ड्रायव्हरने ओरडून सांगितलं असतं तर?"

"सांगितलं होतं त्याने. हॉर्नही वाजवला. बाया म्हणाल्या, हा एवढा ओरडतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे." ती पहिल्यांदाच जराशी हसली. "ओरडून नाही होत सर. एक बाई घागर घेऊन निघावी लागते. लोक हसले तरी चालतील असं म्हणून. एक निघाली की सगळ्या निघतात."

त्यानंतर ते तिघं तिला सोडायला तयार नव्हते. प्रश्नावर प्रश्न. वऱ्हाडपांडे बाई तिच्याशी भांडल्याच चक्क, आणि पद्मिनी त्यांच्याशी भांडली. कुणालाही खूश करायचं नसल्यासारखी. आतापर्यंत ती वर्गाबाहेर इतकी मोकळी बोललेली मी कधी ऐकली नव्हती. कुलगुरूंची बैठक राहून गेली.

आमच्याकडे प्रत्येकाने आपापल्या कागदावर क्रम लावून, घडी घालून कुलगुरूंच्या हातात द्यायचा. कुणी कुणाशी बोलायचं नाही. कुलगुरूंनी घड्या उघडल्या. सगळ्यांच्या कागदावर पहिलं नाव सुरवसे.

"वा!" कुलगुरू खुर्चीत मागे रेलले. "एकमत! मॅडम, तुमची तयारी जबरदस्त हं."

"सर, मी कुणाला एक शब्द बोलले नाही!"

"म्हणून तर म्हणतो, जबरदस्त."

आणि बाहेर व्हरांड्यात गोविलकर सरांनी मला बाजूला घेतलं. चेहरा ओशाळलेला. "मॅडम, माफ करा. तुमच्या माणसाला मी शेवटपर्यंत सांभाळायचा प्रयत्न केला. पण ती पोरगी इतकी चांगली बोलली, मला दुसऱ्या कुणाला पहिलं ठेववेना. टेकाळेंना दुसरा दिलाय, पुढच्या वेळी बघू."

"ते माझे माणूस नाहीत हो!"

"राग येणं साहजिक आहे," सर म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटून गाडीत बसले.

मी पद्मिनीला निकाल सांगायला गेले. ती पायरीवर बसली होती. ऐकलं आणि आधी रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समज पसरली.

"म्हणजे टेकाळे सर नुसता देखावा होता," ती म्हणाली. "मॅडम! आणि मी तुम्हाला गिरणीत काय काय बोलले!"

"पद्मिनी, देखावा वगैरे काही नव्हता. आत तू टँकरचं काय सांगितलंस ते आठव जरा."

"कुठलं?" ती म्हणाली, आणि खाली वाकून माझ्या पाया पडली.

त्यानंतर मी किती वेळा सांगितलं असेल. स्टाफरूममध्ये, परीक्षेच्या पर्यवेक्षणात, तिच्या मुलाच्या वाढदिवसाला. ती ऐकून घ्यायची आणि मोठ्या माणसाच्या भिडस्तपणाला हसावं तशी हसायची. गावाचं तर बोलायलाच नको. गिरणीतल्या बायांपासून कुलगुरूंच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं की जागा पहिल्यापासून तिची होती, बाई स्वतः न्यायला नव्हत्या का गेल्या?

पण मला खरा वैताग आला तो तिच्या वागण्याचा. त्या मुलाखतीत भांडणारी पोरगी पुन्हा दिसलीच नाही. नावडतं काम द्या, "हो मॅडम." रविवारी बोलवा, "येते मॅडम." विभागाच्या बैठकीत मी अगदी मूर्खासारखं काही बोलले तरी पद्मिनीची मान हलायची. मी चिडून म्हणायचे, अगं जरा विरोध कर, तुला मत नाही का? तर म्हणायची, "तुम्ही म्हणाल ते." तिच्या कामाची बाहेर वाखाणणी होत होती. पुण्याला एक मोठी जागा निघाली, तिने अर्जच केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इथे बरंय." मी ते मनाला लावून घेतलं नाही. मला वाटलं, घर, मुलं, गिरणी, असेल तसंच काहीतरी.

माझ्या निवृत्तीचा समारंभ विद्यापीठाच्या सभागृहात झाला. तोवर पद्मिनी विभागप्रमुख झाली होती. ती माईकसमोर उभी राहिली. "मॅडमनी माझ्यासाठी ही जागा राखून ठेवली. कुणाला कळू दिलं नाही. मलासुद्धा नाही. आणि त्या दिवशी स्वतः स्कूटरवर न्यायला आल्या. मी आज जी काही आहे ती त्यांच्या कृपेने."

टाळ्यांचा कडकडाट. मी उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "हे साफ खोटं आहे. ती जागा कुणासाठीही राखलेली नव्हती." तर आणखी मोठा कडकडाट. पहिल्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती निगर्वी!" मी माईक ठेवून दिला. दुसरं काय करणार?

समारंभ संपल्यावर ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिच्या हातात माझी शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गोविलकर सर असते तर त्यांनी तरी सांगितलं असतं तुला. बिचाऱ्यांनी व्हरांड्यात माझी माफी मागितली होती."

"माफी? कशाची?"

"तुला पहिलं ठेवल्याची. त्यांना वाटत होतं माझा माणूस टेकाळे. म्हणाले, सांभाळायचा प्रयत्न केला, पण ती पोरगी इतकी चांगली बोलली की राहवलं नाही."

पद्मिनी थांबली. "सरांना वाटत होतं टेकाळेंचं आहे?"

"पक्कं वाटत होतं. निकाल लागल्यावरही."

"आणि तरी त्यांनी मला…"

"तरी. तुझी बाजू घ्यायला त्या खोलीत कुणी नव्हतं बाई. तू घागर घेऊन निघालीस, एवढंच झालं."

मागे सभागृहात खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता. तिच्या हातातला गुच्छ वाकडा झाला, तरी तिला भान नव्हतं. मला वाटलं आता रडणार. पण ती रडली नाही.

"हे आज सांगताय?" ती ओरडली. माझ्यावर ओरडली! "आज?"

"अगं, रोजच सांगत होते मी!"

"ते तुम्ही सांगत होता मॅडम! हे त्यांनी म्हटलेलं होतं! यात फरक आहे!" तिचा आवाज फाटला. "पुण्याला अर्ज केला नाही मी. का माहीत आहे? इथे तुम्ही ठेवलंत म्हणून मी आहे, तिथे मला कोण ठेवणार, असं वाटलं. रोज वर्गात शिरताना वाटायचं. ही जागा आपली नाही, दिलेली आहे. इतकी वर्षं!"

तिने वर बघितलं, लांब श्वास घेतला. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता. अगदी त्या दिवशी वऱ्हाडपांडे बाईंशी भांडतानाचा.

"आणि आणखी एक सांगते," ती म्हणाली. "तुम्ही बनवलेला तो तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम अगदी टाकाऊ आहे. पोरी झोपतात. पहिल्या वर्षापासून सांगायचं होतं मला."

"मग बदल."

"बदलणारच आहे," ती म्हणाली. शाल, नारळ, गुच्छ सगळं माझ्या हातात कोंबलं आणि तरातरा विभागाकडे निघून गेली. गाडीचं दार लावायलाही थांबली नाही. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच मला न विचारता काहीतरी ठरवलं होतं.